लिंबागणेशहून व्हेल शार्कच्या भेटीला

लिंबागणेशहून समुद्र कुठल्याही दिशेने जवळ नाही. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात, मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावरच्या या गावाची ओळख भालचंद्र गणपतीमुळे. पाण्याशी संबंध म्हणाल तर विहीर, पाझर तलाव आणि उन्हाळ्यात टँकर. मालवण गाठायचे तर सोलापूर-कोल्हापूर करत घाट उतरायचा, अख्खा दिवस त्यातच जातो. तरीही या पट्ट्यातली पोरे मित्रांबरोबर गाडी करून तारकर्लीला जातात आणि पाण्याखाली अंगठा उंचावल्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवतात. (डायव्हिंगच्या खुणांत वर केलेला अंगठा म्हणजे ‘मला वर जायचे आहे’. ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो.) त्यातल्या एखाद्याच्या डोक्यात मग खरा किडा शिरतो. व्हेल शार्क बघायचा, मांटा (पंखांसारखे पर पसरून पोहणारा चपटा मासा) बघायचा, आणि तोही त्याच्याच पाण्यात उतरून. हा लेख त्या एखाद्यासाठी.

पहिल्यांदा अपेक्षा जागेवर आणू. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना मिळते ती डाइव्ह म्हणजे पाण्याशी तोंडओळख. पाच-सात मीटर खोली, मागे टाकी धरून प्रशिक्षक, तुम्ही फक्त तोंडाने श्वास घेत राहायचे. रंगीत मासे दिसतात, थोडी प्रवाळे दिसतात, काही ठिकाणी पाव-बिस्किटे टाकून मासे गोळा केलेले असतात. मोठा प्राणी दिसेल या आशेने तिथे जाऊ नका. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, क्षेत्र जेमतेम २९.१२ चौरस किलोमीटर, आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यात पुष्कळदा चार-सहा मीटरपलीकडचे धूसर होते.

मोठे प्राणी आपल्या किनाऱ्याला नाहीत असे मात्र नाही. व्हेल शार्क कोकणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात अधूनमधून अडकतो. जाळे कापून त्याला किंवा कासवाला सोडून देणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ साली सुरू केली, ती त्यामुळेच. डॉल्फिन तर मालवणात होडीतून दिसतात. विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला पठारी भाग आहे. तिथे पाणी नितळ आहे, प्रवाळही आहे. पण त्याचा माथाच वीसेक मीटर खोल, चारी बाजूंना उघडा समुद्र आणि मदत शंभर किलोमीटर दूर. नवशिक्याने नकाशात बघून समाधान मानावे अशी ती जागा.

विहिरीत पोहलेल्यांसाठी

आपल्याकडे पोहायला शिकतात ते विहिरीत, पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून. मग काठावरून सूर, मुटका आणि शेवटी प्रतिष्ठेचा सवाल: तळाला जाऊन मूठभर गाळ कोण वर आणतो. ज्याचा दम मोठा तो शाणा. हे सगळे उपयोगाचे आहे, पाण्याची भीती मोडलेली असते. पण यातली मुख्य सवय समुद्रात घातक ठरते. ती म्हणजे श्वास रोखणे.

कारण समजून घ्या म्हणजे नियम पाठ करावा लागणार नाही. समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा एक वातावरण दाब असतो. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा आणखी एक वातावरण दाब त्यात भर घालतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे हवेचे आकारमान निम्मे. विहिरीत तुम्ही वरून भरून नेलेला श्वास खाली दबतो आणि वर येताना पुन्हा मूळ आकारावर येतो, फुप्फुसाला त्रास नाही. स्कुबात तुम्ही खाली असतानाच टाकीतून त्या दाबाची हवा भरून घेता. ती छातीत कोंडून वर आलात तर दहा मीटरवरचा एक श्वास पृष्ठभागावर दोन श्वासांएवढा होतो, आणि फुप्फुसाला तेवढी जागा नसते. फुप्फुस फाटून हवा रक्तात शिरू शकते. चार-पाच फुटांवरून वर येतानाही हे घडू शकते. म्हणून स्कुबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही, आत-बाहेर संथ चालू ठेवायचा. विहिरीच्या पट्टीच्या पोहणाऱ्याला ही सवय मोडायला नवख्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

दुसरी सवय हातांची. विहिरीत हात मारल्याशिवाय भागत नाही. स्कुबात हात छातीशी किंवा पोटाशी बांधून ठेवायचे, सगळे काम पायातल्या फिन्सचे. हात मारणारा दमतो, हवा भराभर संपवतो आणि आसपासच्या प्रत्येक माशाला बिथरवतो.

कान हा तिसरा मुद्दा. दोन-तीन मीटर खाली गेले की कानात दडे बसल्यासारखे होते, मग टोचू लागते. नाक चिमटीत धरून बंद तोंडाने हलकेच फुंकर मारायची, कानात टिक असा आवाज होतो आणि दडा सुटतो. ही फुंकर दुखण्याआधी मारायची आणि खाली जाताना दर मीटरला मारत राहायची. सुटला नाही तर मीटरभर वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा. जोर लावायचा नाही, पडदा फाटतो. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचेच नाही. सर्दीची गोळी घेऊन उतरणारे पुष्कळ असतात. गोळीचा असर खाली असताना संपला तर कोंडलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही, आणि ते दुखणे उतरतानाच्या दुखण्यापेक्षा वाईट.

डॉक्टर, मिशा आणि चतुर्थी

डायव्हिंगआधी एक आरोग्यपत्रक भरायला देतात. ठरावीक प्रश्नांना ‘होय’ आले तर डॉक्टरांची सही लागते, म्हणून लोक सरसकट ‘नाही’वर खुणा करून मोकळे होतात. तसे करू नका. दमा, फिट्स, हृदयविकार, पूर्वी फुप्फुस फाटल्याचा इतिहास, कानाचे ऑपरेशन, गरोदरपण, यातले काहीही असेल तर ते लपवण्याची किंमत पाण्याखाली मोजावी लागते. पत्रक आधी मागवून घ्या आणि बीडमध्येच डॉक्टरांना दाखवा. पाचशे किलोमीटर गाडी हाकून गेल्यावर किनाऱ्यावर ‘नाही’ ऐकणे कुणालाच सोसत नाही, आणि मग माणूस खोटे लिहितो.

बाकी बारीकसारीक. आदल्या रात्री दारू नाही. चतुर्थीचा उपवास असेल तर त्या दिवशी डाइव्ह ठेवू नका. रिकामे पोट आणि कोरडे शरीर दोन्ही पाण्यात त्रास देतात, आणि शरीरात पाणी कमी असले की पुढे सांगणार आहे त्या नायट्रोजनच्या दुखण्याचा धोकाही वाढतो. गळ्यातली साखळी, हातातले कडे, अंगठ्या खोलीवर ठेवा. चमकणारी वस्तू शिकारी माशाला लहान मासळी वाटू शकते. आणि मिशा. भरघोस मिशीखाली मास्कची कड नीट बसत नाही, पाणी झिरपत राहते. नाकाखालची एक पट्टी कातरली तरी पुरते. तेवढेही नको असेल तर मास्कमध्ये आलेले पाणी नाकाने फुंकून काढण्याचा सराव इतरांपेक्षा जास्त करा.

कोर्स केल्याशिवाय नाही

मोठ्या प्राण्याजवळ जायचे तर प्रशिक्षकाने धरून नेलेली डाइव्ह पुरत नाही, प्रमाणपत्राचा कोर्स लागतो. पहिल्या पायरीला ‘ओपन वॉटर’ म्हणतात. तीन-चार दिवस, थोडा अभ्यास, तलावातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह. तो झाला की १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरता येते. पुढची पायरी ‘ॲडव्हान्स्ड’, तिची मर्यादा ३० मीटर. ‘ओपन वॉटर’साठी २०० मीटर न थांबता पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे एवढेच जमावे लागते. विहिरीत पोहलेल्याला यात अडचण नाही. महाराष्ट्रात एमटीडीसीची तारकर्लीला स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे प्रशिक्षणाचा तलावही आहे. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद.

या कोर्समध्ये पुष्कळ गोष्टी शिकवतात. मोठे प्राणी बघायचे असतील तर त्यातली एक घोटून पक्की करा: पाण्यात अधांतरी स्थिर राहणे. बुडायचे नाही, तरंगत वर जायचे नाही, हात न हलवता एका पातळीला थांबायचे. श्वास घेतला की शरीर किंचित वर सरकते, सोडला की किंचित खाली. कमरेची वजने आणि जॅकेटमधली हवा नेमकी जमली की बाकी सगळे श्वासावर चालते. हे यायला चार डाइव्ह पुरत नाहीत, पंधरा-वीस लागतात. हे ज्याला आले त्याच्याजवळ मांटा स्वतः येतो. ज्याला नाही आले तो प्रवाळ तुडवतो, वाळू उडवतो, आणि परत येऊन सांगतो की तिथे काहीच नव्हते.

कुठे जायचे

उत्तर कन्नडमध्ये मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट मराठी माणसाला रस्त्याने गाठता येण्यासारखे. पाणी मालवणपेक्षा बरे, कधी कासव, कधी शार्क, क्वचित व्हेल शार्क. अंदमानात स्वराज द्वीपाच्या आसपासच्या डाइव्ह खोल आणि नितळ पाण्यातल्या, तिथे शार्क आणि कासवे दिसतात, मांटा नशिबाने. लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो, पण कासवांच्या बाबतीत ती बेटे कुणाला हार जात नाहीत.

व्हेल शार्क बघायचाच असा हट्ट असेल तर मालदीव. तिथल्या दक्षिण अरी प्रवाळबेटांच्या पट्ट्यात तो वर्षभर असतो. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या, तुमचे पैसे वाचतील. व्हेल शार्क आणि मांटा दोघेही गाळून खाणारे, प्लवक खाण्यासाठी पुष्कळदा पृष्ठभागाजवळच येतात. त्यांना पाहायला टाकी लागतेच असे नाही, मास्क, नळी आणि फिन्स पुरतात. मालदीवच्या हनीफारू खाडीत मे ते नोव्हेंबर या काळात मांटांचे थवे जमतात, आणि तिथे स्कुबाला बंदीच आहे, कारण बुडबुड्यांनी त्यांच्या चरण्यात खंड पडतो. चांगला पोहणारा, दम राखून असणारा माणूस तिथे टाकीवाल्यापेक्षा जास्त बघतो. विहिरीत कमावलेला दम इथे कामी येतो, कारण नळीच्या डुबकीत श्वास वरूनच भरून नेलेला असतो.

‘हमखास दाखवतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहा. रानटी प्राणी हमखास दिसत असेल तर बहुधा त्याला खायला घातले जात असते. फिलिपिन्समधल्या ओस्लोबला व्हेल शार्कला रोज कोळंबी भरवून पर्यटकांसमोर उभे करतात. प्राणी होड्यांना सरावतात, त्यांच्यावर घासटून जखमा होतात. फोटो चांगले येतात, एवढेच.

त्याच्या घरात गेल्यावर

भीतीचे आधी निपटवू. जगभरात शार्कने विनाकारण चावल्याने मरणारी माणसे वर्षाला सरासरी दहाच्या आत असतात. व्हेल शार्क तर माणूस खाऊच शकत नाही, त्याचा घसा अरुंद. धोका असतो तो त्याच्या आकाराचा. बारा मीटरच्या माशाची शेपटी बेसावध माणसाला लागली तर ती मुद्दाम मारली की चुकून, हे विचारत बसण्यात अर्थ नसतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी मान्य असलेले अंतर पाळा: अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार. समोरून आडवे जायचे नाही, वरून झडप घातल्यासारखे उतरायचे नाही. बाजूने, त्याच्या डोळ्याला दिसेल असे, त्याच्याच दिशेने पोहायचे. तो वळला तर वळू द्या. तो खोल गेला तर जाऊ द्या. त्याच्यामागे उतरत राहणारा माणूस घड्याळ आणि हवा दोन्ही विसरतो, डायव्हिंगमधले वाईट प्रसंग असेच सुरू होतात.

अंतराचा अंदाज पाण्याखाली फसतो. मास्कच्या काचेतून वस्तू पाव हिश्श्याने जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. नऊ मीटरचा मासा बारा मीटरचा वाटतो. डायव्हरांच्या गप्पांतले मासे मोठे असतात त्यात थोडा दोष भौतिकशास्त्राचाही आहे.

जवळून तो कसा दिसतो ते सांगतो. आधी निळ्यात काही नसते, मग निळ्याचाच एक तुकडा गडद होतो. त्यावर पांढरे ठिपके उमटतात, ओळीने, मध्ये फिकट पट्ट्या. रुंद सपाट तोंड, कोपऱ्यात सुपारीएवढा डोळा, आणि तो डोळा तुमच्यावर फिरतो. अंगाला चिकटून छोट्या माशांचा लवाजमा. शेपटी डावी-उजवी इतकी संथ जाते की तो थांबलाच आहे असे वाटते, आणि जीव तोडून फिन्स मारल्या तरी मिनिटाभरात तो पुढे निघून गेलेला असतो.

हात लावू नका, कुणालाच. मांटाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो जंतूंपासून त्याचे रक्षण करतो, हाताने पुसला जातो. कासवाला वर जाऊन हवा घ्यावी लागते, तेव्हा त्याच्या आणि पृष्ठभागाच्या मध्ये येऊ नका. फ्लॅश बंद ठेवा. डॉल्फिनसाठी पाण्यात उडी मारू नका, होडीतूनच बघा, आणि नाखवा त्यांच्या मागे इंजिन रेटू लागला तर ‘जाऊ द्या’ म्हणायची लाज वाटू देऊ नका. पैसे तुम्ही देता, तो तुमच्यासाठीच पाठलाग करत असतो.

कायद्याचेही संरक्षण आहे. व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. त्याआधी गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची सर्रास शिकार व्हायची, यकृताचे तेल होड्यांना चोपडायचे. माइक पांडे यांच्या माहितीपटाने ते जगासमोर आणले. पण कायद्याने न झालेले काम रामकथाकार मोरारीबापूंच्या एका दाखल्याने झाले: हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, तिला कोण मारील? गुजरातच्या मच्छीमारांनी त्याला ‘व्हाली’ म्हणायला सुरुवात केली आणि स्वतःची जाळी कापून शेकडो मासे सोडले. एका जाळ्याची किंमत माहीत असणाऱ्याला यातले मोल कळेल.

तुमच्याकडून काही मदत व्हायची असेल तर फोटो काढताना कल्ल्यामागचा ठिपक्यांचा भाग नीट घ्या, शक्यतो डाव्या बाजूचा. प्रत्येक व्हेल शार्कची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. संशोधक ती जुळवतात ते आकाशातले तारे ओळखण्यासाठी तयार झालेल्या गणिती पद्धतीने. मांटाची खूण पोटावर असते.

होडी

माशांपेक्षा होडीची चौकशी जास्त करा. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कुबाहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक गेले. पाण्याखाली काहीच झाले नव्हते. होडीत किती माणसे घेणार, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का आणि ते परततानाही अंगावर ठेवायला लावतात का, प्राणवायूचे सिलिंडर आहे का, पाण्यात उतरलेल्यांची मोजणी कोण करतो, एवढे विचारा. उत्तर देताना समोरचा वैतागला तर दुसरीकडे जा. समुद्र खवळलेला असेल तर पैसे बुडाले असे समजून किनाऱ्यावर बसा.

परतीचा घाट

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा, आणि तो खास आपल्यासारख्या पठारावरच्या माणसांचा. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत मुरतो. हळू वर आलात, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबलात, तर त्यातला बराचसा निघून जातो. पण उरलेला बाहेर पडायला तास लागतात. तेवढ्यात उंचावर गेलात तर हवेचा दाब कमी होतो आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे धरतात. म्हणून डाइव्हनंतर विमान टाळायचे: एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक असतील तर १८. हा नियम साधारण सहाशे मीटरपासून वरच्या उंचीसाठी आहे, आणि आंबोली त्याहून उंच आहे. समुद्रसपाटीवरून निघून दीड-दोन तासांत घाटमाथ्यावर पोचणारी गाडी या बाबतीत विमानाचेच भावंड. मालवणच्या पाच-सात मीटरच्या डाइव्हला धोका फार कमी, पण कोर्सच्या किंवा नेत्राणीच्या खोल डाइव्हनंतर त्याच संध्याकाळी घाट चढणे शहाणपणाचे नाही. सकाळी डाइव्ह, रात्री किनाऱ्यावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारी घाट. गाडीवाल्याला भाडे ठरवतानाच हे सांगा, नाहीतर ‘रातोरात पोचवतो’ म्हणून तो उत्साहाने निघेल.

गावी पोचल्यावर दिवस-दोन दिवस अंगाकडे लक्ष ठेवा. खांदा, कोपर, गुडघा दुखणे, हातापायांना मुंग्या, अंगावर चट्टे, न जाणारा थकवा किंवा चक्कर, यातले काही झाले तर प्रवासाचा शीण म्हणून झोपून राहू नका. यावर उपाय शुद्ध प्राणवायू आणि दाबाच्या कक्षातले उपचार, आणि जितका उशीर तितके नुकसान. बीडच्या डॉक्टरांना हा आजार रोज बघायला मिळत नाही, सांध्याचे दुखणे म्हणून ते गोळ्या देतील आणि त्यात त्यांची चूक नसेल. दवाखान्यात गेल्यावर पहिलेच वाक्य हे सांगा, की समुद्रात डायव्हिंग केले होते, किती वाजता, किती खोल आणि किती वेळ.